मी बंद पाडायला लावलेला टेंपो

चांगला चालणारा टेंपो मीच बंद पाडायला लावला, हे आधीच कबूल करून टाकतो. चहा घेता घेता ऐका, मग काय हसायचं ते हसा.

पुण्याला कॉलेजात असताना एक परदेशी चित्रपट पाहिला. एक कुटुंब मोटारीने लांब निघालंय, कुणाचं कुणाशी पटत नाही. वाटेत मोटार बंद पडते, सगळे मिळून ती ढकलतात आणि ढकलता ढकलता एक होतात. थिएटरबाहेर आलो तेव्हा माझ्यापुरता घरचा प्रश्न सुटला होता.

घरचा प्रश्न म्हणजे आबा, म्हणजे माझे वडील, आणि थोरला भाऊ दिनादादा. भातशेती सोडून दादा साजगावच्या कारखान्यात फिटर झाला, तिकडेच राहू लागला. तेव्हापासून दोन वर्षं अबोला. सणाला दादा आला की आबा आईला म्हणत, "त्याला इचार गं, जेवून जानार काय?" आणि दादा हातभर अंतरावर बसलेला. आई निरोप्याचं काम करून थकली होती. एकदा मला म्हणाली, "मी गेल्यावर ही दोघं कुनाच्या तोंडानं बोलतील रं?"

ते मला झोपू देईना. तेवढ्यात पेणजवळ मावशीकडे साखरपुडा निघाला. मी आमच्या भिसेगावातला टेंपो ठरवला आणि ड्रायव्हरला बाजूला घेतलं. "साजगाव सोडलं की गाडी बंद पडली म्हणायचं. मी खूण केली की चालू करायची."

"कशापायी?"

"माणसं जोडायला."

त्याने माझ्याकडे नीट बघून घेतलं.

आबा पुढे ड्रायव्हरशेजारी. साजगावला दादा मागे चढला. पुढे एका निर्मनुष्य वळणावर टेंपो थांबला. मी सगळ्यांच्या आधी खाली उडी मारली. "चला, ढकलू या."

"ढकलतोस काय?" आबा म्हणाले. "आदी झालंय काय ते बघ."

इथे माझं चुकलं. आबांनी नदीवरचा डिझेल पंप वर्षानुवर्षं चालवलेला, दादा तर फिटरच. बंद यंत्र दिसलं की दोघांचे हात शिवशिवतात. त्या चित्रपटात पाना धरता येणारा एकही माणूस नव्हता, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

"त्याला सांग गं, पाना दे." आईने सांगितलं. दादाने दिला. असं दोन-चारदा झालं, मग आई उन्हाला कंटाळून आंब्याखाली जाऊन बसली.

"त्याला सांग गं…" आबांनी मान न वळवता म्हटलं. आई तर आंब्याखाली. आबांचे दोन्ही हात इंजिनात अडकलेले.

"दिना, फिल्टर धर. सांडंल."

"धरलाय. तुमी वरचा बोल्ट ढिला करा."

ड्रायव्हरने डोळ्यांनीच विचारलं, आता चालू करू का? मी हातानेच राहू दे म्हणालो. सगळं पुन्हा जोडून झाल्यावर मी ऐटीत खूण केली. त्याने चावी फिरवली. पुन्हा फिरवली. इंजिन ढिम्म. फिल्टर उघडल्यामुळे डिझेलच्या पायपात हवा शिरली होती, गाडी आता खरंच बंद पडली होती.

"तुमच्या ह्या पोरानं सांगितलं म्हनून थांबलो," ड्रायव्हर भडकला. "गाडीला काय बी झालं नव्हतं."

आबा आणि दादा एकदमच माझ्याकडे वळले.

"आबा, ह्याला तुमी पुन्याला शिकाया धाडलंत?"

"धाडला. बघ, शिकला."

हवा काढण्यात दोघांचा तासभर गेला. आम्ही पोचलो तेव्हा मावशीच्या दारातला मांडव सोडत होते.

आता दादा दर सुट्टीला घरी येतो. ओटीवर दोघांच्या गप्पा चालतात. शेतीवर नाही, कारखान्यावर नाही, त्यावरून अजूनही भांडण होतं. भांडण होणार नाही असा एकच विषय त्यांना सापडलाय. बोलणं थंडावलं की आबा मला हाक मारतात, "सुध्या, जरा हिकडं ये रं."

काम काहीच नसतं. मी समोर दिसलो की त्यांना पुढचं सुचतं.