वाढत्या अंगाचा दस्ता

आमच्या घरात कोणतीही वस्तू मापाची घेत नाहीत. बूट पुढच्या वर्षीचे, गणवेश त्याच्याही पुढच्या वर्षीचा. मुलं वाढतात हो! (कपडे वाढत नाहीत.)

नव्वदच्या दशकात आमच्या मनूला छर्‍याच्या रायफलने नेमबाजी करायचं वेड लागलं. जिल्हा निवड चाचणी तोंडावर आली आणि तिचे सर म्हणाले, "दस्ता तडकलाय. खांद्याला टेकवायचा हा लाकडी भाग हिच्या मापाचा नवा करून घ्या."

मी गंगापूर रोडच्या मिस्त्रीला गाठलं. "चार बोटं जास्त ठेवा. वाढतं अंग आहे."

"साहेब, लय लांब होईल. पोरीला नाय झेपायचं."

"झेपेल!"

दस्ता बघून बायको म्हणाली, "अहो, रायफल आहे ती, परकर नव्हे टीप घालून आखूड करायला!" मी ऐकतोय थोडाच!

चाचणीच्या सकाळी मनूने दस्ता खांद्याला लावला आणि तिचा गाल काही जागेवर पोचेना. मान ताणताणून बिचारी रडकुंडीला आली. "बाबा, मला निशाण दिसतच नाही!"

पोरीची वर्षभराची मेहनत मी चार बोटांत घालवली होती! धावत जाऊन स्कूटरच्या डिकीतून करवत आणली. (डिकीत करवत का होती, विचारू नका.) सर "थांबा, थांबा" म्हणेपर्यंत दस्ता कापला. अगदी बरोबर बसला! मग मनूने नेमबाजीचं जाड जॅकेट चढवलं आणि दस्ता पुन्हा लांब झाला. जॅकेट मी हिशोबात धरलंच नव्हतं. पुन्हा कापला, तो इतका आखूड की मनूचं नाक नेम धरायच्या मागच्या चकतीलाच चिकटलं.

"आता काय, तिला आखूड करता?" सर ओरडले.

तेवढ्यात बायकोने हात पुढे केला. "चप्पल काढा."

सगळ्यांसमोर? मी दोन पावलं मागे सरलो.

"मारत नाहीये! रबर हवंय!"

तिने माझ्या चपलेची टाच कापली आणि मनूच्या रिबिनीने दस्त्याच्या टोकाला करकचून बांधली. मनूचा गाल नेमका जागेवर आला. पोरगी हसली, नेम धरला आणि चक्क निवडली गेली!

मी डोळे पुसत सरांचे हात धरले. "सर, राज्य स्पर्धेसाठी मी काय करू?"

"भाऊ, तुम्ही फक्त घरी थांबा."

मी आशेने बायकोकडे पाहिलं.

"थांबतील," ती म्हणाली. "करवत मी सोबत नेते."