कुरडया, कादंबऱ्या आणि आमची मंडळी

पुस्तक लिहिणाऱ्या माणसानं जिला टरकून राहावं अशी बाई उभ्या जालना जिल्ह्यात एकच होती, आणि ती वाटूरात माझ्या घरी भाकरी थापत होती. माझी बायको होती म्हणून फुगवून सांगत नाही. माझं शिक्षण तिसरी. फुगवायला जेवढे शब्द लागतात तेवढे माझ्यापाशी नाहीत.

यंदाच्या उन्हाळ्यात ती गेली. आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे गच्चीवरच्या कुरडया खाली आणल्या. वारं सुटलं होतं. जुन्या लुगड्यावर कुरडया पसरलेल्या, लुगड्याची दोन टोकं तिच्या हातात, दोन माझ्या. असं लुगडं मधी ताणून धरून आम्ही जिन्याच्या तोंडाशी उभे राहिलो आणि भांडलो. कशावरून, तर एका नव्या कादंबरीच्या शेवटावरून. खालून समोरची सुमन ओरडली, "अवो काकू, कुरडया सांडून राह्यल्या!" तर ही वरून म्हणते, "सांडू दे! आमचे भांडून राह्यलेत, पुस्तकावरून!" आवाज असा, की जणू घरात नातू झाला. एवढी कशाला खूश झाली, ते कळायला आधी बाई कळायला पाहिजे.

ती अंबडची. सातवी शिकलेली. आमच्या घरात तिच्याआधी कुणी सातवी पाहिली नव्हती, त्यामुळं माझी आई तिला भ्यायची. वाचायचं वेड बऱ्याच जणांना असतं, पण हिचं वेड निराळं. हिला पुस्तक कोरं पाहिजे. नवं निघालेलं, पानं एकमेकांना चिकटलेली, अजून कुणाच्या हाताला न लागलेलं. गावातल्या वाचनालयात जुन्या पुस्तकांची कपाटं भरलेली, त्यांच्याकडं ती ढुंकून पाहायची नाही. मी एकदा म्हणालो, "अगं, ती चांगली असतील म्हणूनच टिकली ना?" तर म्हणाली, "त्यांच्यावर लोकांनी बोलून घेतलं. नव्यावर आजून कुणी बोललं न्हाई. तवर आपण बोलून घ्यावं." वाचनालयाचा नवा गठ्ठा आला की ग्रंथपाल सुतळी तोडायच्या आधी हिला निरोप धाडायचा. हिच्या हातात पुस्तक पडल्याशिवाय त्यावर शिक्का मारायची त्याची छाती नव्हती.

आणि मंग निकाल. प्रत्येक पुस्तकाचा निकाल लागायचा, आणि निकालावर अपील नाही. यशस्वी कसं व्हावं असं एक पुस्तक आलं, त्यात पहिलंच सांगितलेलं, की पहाटे पाचला उठा. ही चुलीपुढं बसून हसायलाच लागली. "वाटूरच्या समद्या बाया चारला उठत्यात. मंग आमच्या गल्लीत इमानं कामून उतरंनात?" एक जाडजूड इतिहासाची कादंबरी आली. ती तिनं अर्ध्यात बंद केली. मी विचारलं काय झालं. म्हणाली, "घोडा पहिल्या पानावर निघाला. डोंगर चढला, नदी उतरला, लढाई केली. शंभर पानं झाली, घोड्याला पाणी दावलं न्हाई. जित्राबाची कदर न्हाई असल्या माणसाचं राजावरचं प्रेम मी कशाला खरं मानू?" मंगळावर वस्ती करायला गेलेल्या लोकांची गोष्ट तिनं मात्र रात दीस एक करून वाचली, आणि तिला ती आवडलीही. पण शेवटी एक शंका राहिलीच. "समदे यंत्रापाशी उभे. भांडी कोण घासतं तिथं, एवढं लिवायला पाह्यजे होतं." कुण्या एका मोठ्या साहेबानं रिटायर झाल्यावर आत्मचरित्र लिहिलं. त्यात त्याची एकही चूक झालेली नाही. ते तिनं ग्रंथपालाच्या टेबलावर ठेवलं आणि म्हणाली, "हे ऱ्हाऊ द्या. ह्यांच्या मालकीणबाईंनी लिवलं, की मला निरोप धाडा."

कवितेच्या बाबतीत ती सबुरीनं घ्यायची. पहिल्यांदा नव्या कवितांचं पुस्तक पाहिलं तेव्हा पानावरची मोकळी जागा बघून तिचा जीव हळहळला. "एवढ्या पट्टीत तुरीच्या दोन ओळी बसल्या असत्या." पण त्यातली एक कविता तिनं वाचली, पुस्तक मिटलं, आणि सांजच्यापर्यंत कुणाशी बोलली नाही. रात्री जेवताना म्हणाली, "मोकळी जागा लागतीच वो तिला." आपलंच मत असं उलटं करायला तिला बिलकुल लाज वाटायची नाही. मला त्याचं नवल वाटायचं. आमच्या गावात माणसं बांध सोडतात पण बोललेला शब्द सोडत नाहीत.

उन्हाळा लागला की हिचा खरा दरबार भरायचा. गल्लीतल्या बाया आमच्या अंगणात वाळवणाला जमायच्या, आणि ही पायरीवर बसून नवं पुस्तक मोठ्यानं वाचायची. नियम एकच, ऐकायचं तर हात चालवायचा. कुठल्या कामाला कुठलं पुस्तक, तेही तिनं ठरवून टाकलं होतं. शेवयाला कादंबरी. मशीनचा दांडा फिरवत राहायचा, गोष्ट चालत राहायची. पापड लाटायला रहस्यकथा, कारण बाया घाबरल्या की पापड पातळ होतो. कुरडईचा चीक चुलीवर असला की फक्त कविता. हा शेवटचा नियम अनुभवानं आलेला. एके साली चीक शिजताना तिनं खुनाची गोष्ट लावली. खुनी दाराशी येऊन उभा राहिला, कडी हलली, आणि चीक ढवळणारीचा हात थांबला. खुनी आत येईपर्यंत खाली सगळं लागलं. त्या साली आख्ख्या गल्लीनं करपट वासाच्या कुरडया खाल्ल्या, आणि ज्याच्या त्याच्या घरी नवऱ्यांनी विचारलं तर बाया म्हणायच्या, "खून झाल्ता."

ह्याच अंगणात तिनं वाचनालयाच्या अध्यक्षांची शिकार केली. अध्यक्षांनी जाहीर करून टाकलं होतं, की गोष्टीची पुस्तकं आणायचा खर्चा बंद, पोरांच्या भरतीच्या परीक्षेची तेवढी आणायची, कारण गोष्टी वाचतंच कोण? हिनं ऐकून घेतलं. भांडली नाही. फक्त वाचनालयाचं एक पुस्तक परत केलं नाही. शेवटी अध्यक्ष स्वतः ते मागायला आले. पांढरे कपडे, इस्त्री मोडू नये म्हणून खाटेच्या काठावर टेकलेले. अंगणात पापड चालू, वाचन रंगात आलेलं. ही मान वर न करता म्हणाली, "बसा दादा, एवढं पान संपू द्या." पान संपलं. दुसरं चालू झालं. अध्यक्ष खाटेवर जरा मागं सरकले. तिसऱ्या पानाला त्यांनी सुमनला हळूच विचारलं, "हा मुनीम कोणत्या बाजूनं?" तशी ही थांबली आणि म्हणाली, "दादा, हितं फुकट ऐकायला भेटत न्हाई." आणि पोळपाट त्यांच्यापुढं सरकवला. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय, आमच्या वाचनालयाचे अध्यक्ष मांडी घालून पापड लाटत होते, गुडघ्यावर पीठ, आणि दर थोड्या वेळानं सांगत होते, "मुनीमच हाय. लिहून घ्या माझ्याकडून." मुनीम नव्हता. नवा गठ्ठा त्या महिन्यात आला, पुढं दरसाल येत राहिला.

सगळं गाव हिनं असं बोलतं केलं. पिठाची गिरणी चालवणारा सुद्धा तिला पाहून गिरणी बंद करायचा आणि म्हणायचा, "काकू, ती पोरगी चुकलीच बरं का." एकटा मी राहिलो. मी रोज ऐकायचो. शेंगा फोडताना, दोरी वळताना, तिचा आवाज कानावर असायचाच. पुस्तक संपलं की ती बोट पानात ठेवून माझ्याकडं वळायची. "कसं वाटलं?"

"बरं हाय."

"बरं हाय म्हणजे? दवाखान्यात पडलेल्याला इचारावं तसं इचारलं का मी?"

"बरं हाय म्हणजे बरं हाय."

एकदा तिनं माझी परीक्षाच घेतली. कपाशीवर मारायच्या औषधाच्या डब्यावरची सूचना तिनं कादंबरीच्या आवाजात वाचली. वाऱ्याच्या दिशेनं फवारावं, हात साबणानं धुवावेत, डबा फोडून जमिनीत गाडावा. वाचून झाल्यावर विचारलं, कसं वाटलं. मी म्हणालो, बरं हाय. त्यावर ती हसली आधी. मंग डबा खाली ठेवून म्हणाली, "अवो, मला गावाचं काय करायचं? समद्या गावाचं मत घेतलं मी. ज्याच्यासंगं जल्म काढला त्याला काय वाटतं तेवढंच मला ठाऊक न्हाई."

मी खरं ते सांगितलं. म्हणालो, "मत द्यायला शिकलेला माणूस लागतो."

"भाजीत मीठ कमी पडलं तर कळतं न्हवं? तवा शाळेत गेल्ता का?" आणि मंग म्हणाली, "एका तरी पुस्तकावरून तुमी माझ्याशी भांडला पाह्यजे. तेवढं एक राह्यलंय माझं."

ह्या उन्हाळ्यात तिनं शेवयाला जी कादंबरी लावली, ती एका नवरा-बायकोची. नवरा बायकोला न विचारता तिची म्हैस विकतो. तिनं रेडकापासून वाढवलेली. बायको पिशवी भरते आणि बहिणीच्या गावाला निघून जाते. नवरा आधी रागात असतो, मंग रोज सांजच्याला एसटी स्टँडवर जाऊन उभा राहतो. बहिणीच्या गावाकडून गाडी येते, तो उतरणाऱ्या माणसांकडं पाहतो, घरी जातो. दुसऱ्या दिवशी पुन्हा. पुस्तक तिथंच संपतं. तो उभाच. बायका अंगणात पार चिडल्या होत्या. त्यांना ती आली का नाही ते पाहिजे होतं. हिचं तसं नव्हतं. सांजच्याला गच्चीवर कुरडया उचलताना ती म्हणाली, "लिवणारानं लिवलंय झ्याक, पण माणूस बिनकामाचा काढला. त्याच गाडीत बसून तिकडं जायला काय झालं? गाडी माघारी तिकडंच जाती की. म्हैस इकताना पाय चालले, बायको आणताना मोडले?"

आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "न्हाई. तो बराबर करून राह्यला."

लुगडं तिच्या हातात सैल झालं. "काय म्हणलात?"

"तिकडं गेला आन ती तोंडावर न्हाईच म्हणली तर? मंग संपलंच. स्टँडवर हाय तवर ती उद्याच्या गाडीनं येऊ शकती."

"म्हणजे भ्यालाय तो."

"भ्याला तर भ्याला! आपण भ्यालो न्हाई का कदी?"

"मंग लिवणारानं तसं लिवायचं, की भ्यालाय!"

"लिवलंय की! रोज कापडं बदलून जातो ते कशाला लिवलंय? तुला वाचता येतं आन दिसंना का?"

तिला मी आयुष्यात पहिल्यांदा शब्दाला शब्द दिला. तिचं तोंड असं उजळलं, की लग्नात सुद्धा मी तसं पाहिलं नव्हतं. मंग ती जी भांडली! कुरडया सांडल्या, वारं पडलं, सुमन ओरडली, आम्ही जिन्यात, मंग अंगणात, मंग ताटावर भांडलो. मधी उठून ती गल्लीभर सांगून आली. शेवटी झोपताना म्हणाली, "उद्या बघते तुमच्याकडं. माझं आजून संपलं न्हाई."

सकाळी ती उठली नाही. झोपेतच गेली. डॉक्टर आला, हात पाहून गेला.

अंगण भरलं. अंबडहून तिचा भाऊ यायचा होता, त्याच्यासाठी सगळे थांबले होते. बाया तिच्याभोवती, माणसं भिंतीकडंला, अध्यक्ष माझ्याशेजारी. सुमन रडत रडत माझ्यापुढं आली आणि म्हणाली, "तात्या, तुमचंच खरं होतं बरं का. त्या बाईनं आपणहून यायला पाह्यजे. काकू उगंच भांडल्या तुमच्याशी." दुसरी म्हणाली, "बराबर हाय तात्याचं." तिसरीनंही मान हलवली. अध्यक्षांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "बिलकुल बराबर."

माझं समाधान व्हावं म्हणून म्हणत होते, ते मला कळत होतं. पण माझं डोकं फिरलं. काल सांजच्यापर्यंत ह्यांची हिचं म्हणणं खोडायची टाप नव्हती, आणि आज ती उत्तर देऊ शकत नाही तर सगळे माझ्या बाजूला. मी उठून उभा राहिलो.

"कामून बराबर?" मी म्हणालो. "त्यानं जायलाच पाह्यजे होतं. गाडी समोर उभी ऱ्हाती, डायवर चा पिऊन माघारी त्याच गावाला जातो, आन हा पाहत उभा. भ्याला म्हणं! ती न्हाई म्हणंल म्हणून भ्याला! आरं, म्हणू दे की न्हाई. न्हाई म्हणायला का होईना, बाई दारात तर येती. तिचं तोंड तर दिसतं!"

अध्यक्षांनी हळूच विचारलं, "तात्या, मंग काल तुमी म्हणत होते ते?"

"ते माझं. ते आजून तेच हाय," मी म्हणालो. "हे तिचं सांगून राह्यलो. तिचं संपलं नव्हतं. आता मधी कुणी बोलू नका."

आणि मी ती कादंबरी म्हशीपासून सांगायला घेतली.