पोटातले जिवाणू आणि गिरधारीजींची फुलं

जिथं माणसं रोज सकाळी डबीतून नमुना घेऊन येतात, तिथं किस्से गोळा करावे लागत नाहीत. ते आपल्या पायांनी चालत येतात, डबी घट्ट धरून! मी कराडची, नोकरी जयपूरला, एका हॉस्पिटलच्या संधिवात विभागात. आमचा प्रोजेक्ट असा की आतड्यातल्या जिवाणूंचा आणि सांधे सुजवणाऱ्या संधिवाताचा संबंध काय? प्रमुख आमच्या अकोल्याच्या सरदेशमुख मॅडम. त्या संबंध शोधतात आणि मी गोळा करते ते... जाऊ द्या, कुणी जेवताना वाचत असेल.

∗∗∗

पहिला नमुना खातीपुऱ्याच्या कुलकर्णी काकांचा. काका विमा कंपनीत अधिकारी, नाशिकहून बदलून आलेले, दोन्ही मनगटं सुजलेली. सीलबंद डबी आणि सोबत पत्र, तेही दोन प्रतींत. "विषय : शौच नमुना सादर करणेबाबत."

मी डबी फ्रीजमध्ये ठेवली. "झालं काका, या आता."

काका हलेनात. त्यांनी दुसरी प्रत पुढे सरकवली. "पोच द्या. शिक्का, सही आणि वेळ."

दिली. काय करणार! काकांनी चष्मा वर करून कागद तपासला आणि परत केला.

"आठ पस्तीस नाही. आठ बत्तीस."

∗∗∗

झोटवाड्याच्या विमलाजी तीन वेळा रिकाम्या हाती आल्या. चौथ्यांदा डबी भरलेली! मी खूश. लेबल लिहिता लिहिता सहज विचारलं, "आज हो गया?"

"मेरा कहाँ! ननद का है."

मी पेन खाली ठेवलं. उलट त्याच मला समजावायला लागल्या, "रसोई तो एक ही है. कीटाणु भी एक ही होंगे ना?"

मॅडम भयंकर चिडल्या. दहा मिनिटांनी केबिनमधून बाहेर येऊन हळूच म्हणाल्या, "अगं, त्या नणंदेचे सांधे ठीक आहेत का विचार. असतील तर रीतसर सही घे. आपल्या निरोगी गटात माणसं कमी पडतायत."

∗∗∗

गिरधारीजींचं मात्र हसण्यावारी नेता येत नव्हतं. ते सांगानेरचे, लाकडी ठप्प्याने कापडावर फुलं छापणारे. आजार झाल्यापासून सकाळी बोटं आखडायची, ठप्पा हातात धरवायचा नाही. "ठप्पा बाल भर हिला तो कपड़े का पूरा थान बेकार," ते म्हणाले. "हाथ गया तो मैं गया."

मॅडमनी गोळ्या सुरू केल्या. मी डायरी दिली. रोज सकाळी बोटं किती ताठ, शून्य ते दहामध्ये लिहायचं. दोन महिन्यांत हात बराच सुटला. डायरी मात्र कोरी!

"शून्य से दस मेरे पल्ले नहीं पड़ता, बेटा."

"तो जैसे समझ आए, वैसे लिख लाइए," मी म्हणाले आणि विसरूनही गेले.

∗∗∗

मग मॅडमनी रुग्णांसाठी व्याख्यान ठेवलं. दीड तास बोलल्या. आजाराची सुरुवात आतड्यात होत असावी असा अंदाज आहे, पुरावा अजून अपुरा आहे, गोळ्या कुणीही बंद करायच्या नाहीत. हे शेवटचं तर तीन वेळा.

संध्याकाळी रुग्णांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुलकर्णी काकांचं इतिवृत्त आलं. "डॉक्टर मैडम का निष्कर्ष : पेट ठीक तो जोड़ ठीक. छाछ लें."

मी तडक फोन लावला. "काका, ताक प्या एवढंच? आणि गोळ्यांचं?"

"अगं, सारांश लिहायचा असतो. बाकी सगळं पाल्हाळ!"

∗∗∗

त्याच आठवड्यात जिवाणूंच्या पुड्या विकणाऱ्या कंपनीचा प्रतिनिधी आला. हातात प्याज कचोरीचा बॉक्स. पोटाच्या आरोग्यावर बोलायला!

मॅडमनी त्याला शांतपणे समजावलं. संबंध दिसतोय, पण हेच कारण आहे असं आज म्हणता येत नाही. त्याने वहीत सगळं नीट लिहून घेतलं आणि अदबीने विचारलं, "मॅम, ये 'कारण' कब तक हो जाएगा? दिवाली तक? डिब्बा छपवाना है."

त्याला वाटेला लावलं. कचोऱ्या ठेवून घेतल्या.

∗∗∗

तीन महिन्यांनी गिरधारीजी आले. डायरी नव्हतीच. काखेत कापडाची गुंडाळी होती, ती त्यांनी मॅडमच्या टेबलावर पसरली. रोज सकाळी उठल्या उठल्या छापलेलं एक फूल. एका ओळीत सात फुलं, म्हणजे एक ओळ एक आठवडा.

पहिल्या पाच ओळी दोरी लावून छापल्यासारख्या. सहावीत फुलं डगमगायला लागलेली. आठवी-नववीत तर पाकळ्या एकीकडे आणि रंग भलतीकडे. मला ते बघवेना. त्यानंतर फुलं हळूहळू सावरत गेलेली, आणि शेवटची ओळ पुन्हा सरळ.

"ये बीच में क्या हुआ?" मॅडमनी विचारलं.

गिरधारीजींनी मान खाली घातली. "चौथे हफ्ते ग्रुप पे मैसेज आया, तो गोली छोड़ दी. फूल बिगड़े तो डर गया. नौवें में फिर चालू की."

मॅडम रागावणार, तेवढ्यात त्यांच्यातली संशोधक जागी झाली. पेन उघडून त्या कापडावर वाकल्याच.

"और छाछ? छाछ किन दिनों में पी?"

गिरधारीजींनी पहिल्या ओळीवर हात ठेवला आणि सावकाश तो शेवटच्या फुलापर्यंत खाली आणला.

"छाछ तो रोज़ पी, मैडमजी."