ताईच्या यंत्राचा प्लग

प्लग मी मोडला. हे आधीच सांगून टाकतो, कारण तो शोधायला मी किती वणवण केली ते वाचून कुणाला माझं कौतुक वाटायला नको.

माझी थोरली बहीण सतराव्या वर्षी विषमज्वराने अंथरुणाला खिळली. ताप उतरला, पण जाताना तिचं ऐकणं घेऊन गेला. पुढे इंग्रज आपापली सामानं बांधून निघाले, तेव्हा बाबांच्या रेल्वेतल्या साहेबाने आपल्या म्हाताऱ्या आईचं ऐकण्याचं यंत्र बाबांना देऊन टाकलं. लढाईच्या आधीचं, विलायती. एक चपटी डबी छातीशी ठेवायची, तिच्यातून एक वायर कानाला आणि दुसरी कमरेच्या पिशवीतल्या बॅटऱ्यांना. ताईने पोलक्याला आतून खिसा शिवला, वायर पदराखालून घेतली आणि कानावर केस ओढले. नीट पाहिलं नाही तर कळायचंही नाही. यंत्र लावलं की समोरच्याचं बोलणं तिला समजायचं. त्याच्याच जोरावर ती ठाण्यातल्या एका मुलींच्या शाळेत शिवण शिकवायला लागली. बाबा गेले, मी कचेरीत कारकून झालो, आणि नौपाड्यातल्या दोन खोल्यांत आई, ताई आणि मी असे तिघं राहिलो.

बॅटरीच्या वायरच्या टोकाला तीन पिनांचा चिमुकला प्लग होता. एक पिन जाड, दोन बारीक, म्हणजे तो चुकून उलटा बसू नये. एका पावसाळ्यात बॅटरी पाझरली आणि पिनांवर हिरवा थर चढला. आवाज तुटक येऊ लागला. ताई म्हणाली, कुणाला तरी दाखवून आण. त्यात काय दाखवायचंय, असं म्हणून मी दाढीचं पातं घेऊन खरवडायला बसलो. थर निघेना तसतसा माझा पारा चढत गेला. मला निर्जीव वस्तूंचाही राग येतो. जाड पिन कटकन मुळापासून तुटली. ताई समोरच बसली होती. तिला तो आवाज आला नाही, तिने फक्त माझा चेहरा पाहिला.

टेंभी नाक्याजवळ रेडिओ दुरुस्त करणारे एक गृहस्थ होते. त्यांनी भिंग लावून प्लग बघितला आणि मान हलवली. वायरी सरळ एकमेकींना जोडून टाका ना, असं मी म्हटलं. ते म्हणाले, कमरेपाशी त्या एकमेकींना लागल्या तर यंत्रातले काचेचे दिवे, म्हणजे व्हॉल्व्ह, क्षणात जळतील, आणि तसले दिवे आता विलायतेतही मिळायचे नाहीत. प्लगच हवा. शाळेच्या बाईंनी ताईची जागा दिवाळीच्या सुट्टीपर्यंत धरून ठेवायचं कबूल केलं होतं. म्हणजे हातात तीन महिने होते.

तुटका प्लग तपकिरीच्या रिकाम्या डबीत घालून मी हिंडू लागलो. मुंबईतल्या दुकानदारांनी तो तळहातावर घेऊन एकमेकांना दाखवला, कौतुक केलं आणि परत दिला. एकाने तर हे जपून ठेवा म्हणून सांगितलं, जसा काही मी तो विकायला आणला होता. शेवटी रेडिओवालेच म्हणाले, कल्याणला निर्वासितांच्या छावणीकडे जाऊन बघा, तिथे लष्कराच्या लिलावातला माल येतो.

तिथे गोणपाटावर वायरी, मीटर, फुटके हेडफोन यांचे ढीग मांडून एक सिंधी म्हातारा बसायचा. कराचीत त्याचं विजेच्या सामानाचं मोठं दुकान होतं म्हणे. पहिल्या रविवारी त्याने मला हात हलवत परत पाठवलं. पण मी दर रविवारी जाऊ लागलो, तसा तो आठवडाभर माझ्यासाठी ढीग उपसून ठेवू लागला. एका रविवारी त्याने एका फौजी वायरलेसच्या बॅटरीचा प्लग काढून ठेवला होता. पिना चार होत्या आणि सगळ्या जाडजूड. त्याने एक उपटली, दोन कानशीने घासत बसला, पुन्हा पुन्हा माझ्या तुटक्या प्लगशी ताडून पाहत. दुपार झाली. मग फुंकर मारून प्लग माझ्या हातावर ठेवत म्हणाला, "बहन को बोलना, धीरे से लगाए. खेंचना नहीं."

मधल्या काळात घरी काय झालं ते सांगायला हवं. ज्या घरात एखाद्याला ऐकू येत नाही, त्या घराला एक वाईट खोड लागते. लोक त्या माणसासमोरच त्याच्याविषयी बोलतात. ताई पाठमोरी बसली की आम्हाला खोली मोकळी वाटायची. आई तिचं लग्न न जमल्याचं रडगाणं तिच्या पाठीमागे बसून गायची. मीही काही कमी बोललो नाही. त्यातच मला डोंबिवलीची मुलगी सांगून आली होती. मुलीकडच्यांनी एकच विचारलं होतं, बहीण कायमची तुमच्याकडेच राहणार का?

प्लग मी रेडिओवाल्यांकडे दिला. ते म्हणाले, शनिवारी संध्याकाळी या. पण ताईला दम निघाला नाही. शनिवारी दुपारी ती स्वतःच दुकानात गेली आणि यंत्र लावून घरी आली. घरी गेल्यावर आधी भावाचा आवाज ऐकणार, तोवर आईलाही सांगणार नाही, असं ती रेडिओवाल्यांना म्हणाली होती. हे त्यांनी मला नंतर सांगितलं, आणि फार कौतुकाने सांगितलं.

शनिवारी कचेरी अर्धा दिवस असे. मी आलो तेव्हा ताई आमच्याकडे पाठ करून तांदूळ निवडत होती. मी काही बोलायच्या आतच आईने विषय काढला. डोंबिवलीचे निरोपाची वाट बघतायत, काय कळवू? मला भूक लागली होती, उकडत होतं, आणि त्या प्रश्नाचा मला वीट आला होता.

मी म्हणालो, "कळव त्यांना, नाही राहणार म्हणावं. यंत्र चालू झालं की तिची नोकरी टिकेल, मग देऊ कुठेतरी खोली बघून. तीन महिने मी काय तिच्यासाठी उन्हातान्हात हिंडलो? माझ्या गळ्यातली धोंड सुटावी म्हणून हिंडलो."

हे खरं होतं का? आजही मला सांगता येत नाही. थोडं खरं असणार, नाहीतर इतकं सुबक तोंडातून आलं नसतं.

सुपातला हात थांबला. ताई उठली, आमच्याकडे वळली. पदराखालून तिने प्लग काढला, हळूच, मुळीच न ओढता, आणि सुपातल्या तांदळावर ठेवला.

"आवाज स्पष्ट येतोय रे," ती म्हणाली. "आधीपेक्षा स्पष्ट."

आई रडायला लागली. मी काहीतरी बोलू लागलो, पण ताईने पुन्हा बसून मान खाली घातली होती आणि ती तांदूळ निवडत होती.

सोमवारी ती शाळेत गेली. दिवाळीनंतर दुसऱ्या एका शिक्षिकेबरोबर तिने कल्याणला खोली घेतली, रोज तिथून ठाण्याला येऊ लागली. माझं लग्न डोंबिवलीतच झालं. ताई आली, आहेर केला, सगळ्यांशी हसून बोलली. माझ्यावर ती कधी रागावली नाही. मी भेटायला गेलो की आधी चहा टाकायची, माझी तब्येत विचारायची, आईला न्यायला लाडू बांधून द्यायची. मग समोर बसायच्या आधी प्लग काढून कपाशेजारी ठेवायची आणि चहाकडे बघत राहायची.

मी तिची कितीतरी वेळा माफी मागितली. तिने ती एकदाही ऐकलेली नाही.