झाडाची माफी मागणारा

हे सांगायचं मी वर्षानुवर्षं टाळलं. कुळगीच्या रानात लाकूडतोडीला येणारा तो माणूस कुऱ्हाड घालण्याआधी झाडाला हात लावून म्हणायचा, "रागावू नको बाबा, पोटासाठी हाय." आमच्याकडं सगळेच म्हणतात. तो मोठ्यानं म्हणायचा, आणि मला चिडवायचा, "तुमच्या सायबापरीस ह्येच बरं ऐकतंय!"

मी त्या डॉक्टरसाहेबांचा कंपाउंडर. वेडावरच्या नव्या औषधाच्या प्रयोगाला त्यांना एक रोगी कमी पडत होता. 'झाडांशी बोलतो,' असं मी लिहून दिलं. ती रीत आहे हे सांगितलं नाही. औषधानं त्याचं बोलणंच थांबलं. मी वहीत 'सुधारणा' लिहिली.

पुढं जोयड्याच्या बाजारात तो दिसला. माफी मागायला मी तोंड उघडलं आणि विचारलं, "औषध घेतोस न्हवं?"

त्यानं मुकाट मान डोलावली.