बंदच्या दिवशी प्लेट कोण वाचणार

सकाळी सिडकोच्या स्टॉपवर मी एकटीच उभी होते. कंपनीची बस आली नाही, शहर बसही नाही. पानटपरीवाला फळी लावता लावता म्हणाला, "घरी जा ताई, आज बंद हाय." ते नामांतराचे दिवस होते. कधी विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यावं म्हणून बंद, कधी देऊ नये म्हणून बंद. बस दोन्ही वेळेस बंद.

माझी कंपनी शहराच्या दुसऱ्या टोकाला, रेल्वे स्टेशनच्या एमआयडीसीत होती. औषधांची कंपनी. मी तिथं मायक्रोबायोलॉजीच्या लॅबमध्ये ट्रेनी होते. काम सोपं करून सांगते. सिरपची बॅच तयार झाली की तिच्यात जंतू आहेत का, हे बघायचं. नमुना काचेच्या प्लेटमध्ये जेलीसारख्या थरावर पसरायचा आणि ती प्लेट इनक्युबेटरमध्ये, म्हणजे उबदार कपाटात ठेवायची. जंतू असतील तर ठिपके उमटतात. ते ठरल्या वेळी मोजायचे. याला प्लेट वाचणं म्हणतात. वेळ टळली की ठिपके वाढून एकमेकांत मिसळतात. मग चाचणी पुन्हा करायची, आणि तोवर बॅच अडकून पडते.

त्या दिवशी माझी बॅच अडकली.

दुसऱ्या दिवशी देसाई सरांनी बोलावलं. ते आमचे मॅनेजर. आवाज कधी चढवत नसत, त्यामुळे जास्त भीती वाटायची.

"बस नव्हती सर."

"मिस, बॅक्टेरियाला बंद कळत नाही," ते म्हणाले. "तुझं काम चांगलं आहे. पण प्रोबेशन संपताना मला लिहावं लागेल की ही मुलगी बंदला येऊ शकत नाही. चालत येता येईल असं घर बघ."

आमच्या घरात कॉलेज शिकलेली मी पहिली. वैजापूर तालुक्यातलं गाव, वडील मेंढरं राखायचे. नोकरी गेली असती तर दुसऱ्या दिवशी गावी आणि पुढच्या लगीनसराईत मांडवात, हे मला स्पष्ट दिसत होतं. तोवर मी मावसभावाकडे सिडकोत राहत होते. एकटीनं खोली घ्यायची हे उच्चारायलाही मला धीर लागत होता.

घरं बघायला लागले. एका ठिकाणी मालक म्हणाले, एकट्या मुलीला देत नाही, लग्न झाल्यावर या. दुसऱ्या ठिकाणी आधी गाव विचारलं, मग आडनाव, मग थोडं थांबून, नामांतराबद्दल तुमचं काय म्हणणं आहे? मी म्हटलं, माझा विषय मायक्रोबायोलॉजी आहे. ते गृहस्थ माझ्याकडे बघतच राहिले. खोली मिळाली नाही.

राहिला पदमपुरा. स्टेशनच्या अलीकडे, कंपनीला जवळ. एका शुक्रवारी तिथून कंपनीपर्यंत चालून बघायचं ठरवलं. शुक्रवारी का, तर आमची सुट्टी रविवारी नसायची. विजेचा भार वाटला जावा म्हणून एमआयडीसीच्या वेगवेगळ्या भागांना वेगवेगळ्या वारी सुट्टी असे. आमच्या भागाला शुक्रवार.

मला ती वाट अजिबात आवडली नाही. कारखान्यांची फाटकं बंद, चहाची टपरी बंद, रस्त्यावर माणूस नाही. दोन कुत्री लांबवर मागं आली. एका वॉचमननं हटकलं, मॅडम, एकट्या इकडं कुठं? मी घाईघाईनं परत फिरले आणि मनातल्या मनात पदमपुऱ्यावर काट मारली.

शनिवारी कँटीनमध्ये पॅकिंगच्या कमलताई शेजारी बसल्या. बाटल्यांना लेबल लावणाऱ्या बायकांच्या त्या पुढारी. घर मिळालं का, असं त्यांनी विचारलं. मी पदमपुऱ्याचं सांगितलं, आणि तो रस्ता बाईमाणसाचा नाही असंही सांगितलं.

"कवा गेली व्हतीस तू?"

"काल."

"शुक्रवारी?" त्यांनी पलीकडच्या टेबलावर हाळी दिली. "ऐका गं, मॅडम शुक्रवारी रस्ता बघाया गेल्या व्हत्या. शुक्रवारी तिथं आमच्या सावल्याबी जात नाय."

सगळ्या हसल्या. मीही हसले, पण चेहरा गरम झाला होता. औषधाच्या ड्रममधून नुसता वरवरचा नमुना घेऊ नये, हे लॅबमध्ये पहिल्याच आठवड्यात शिकवतात. आणि मी सबंध रस्ता एका सुट्टीच्या दिवसावरून नापास केला होता.

सोमवारी सकाळी कमलताईंच्या सांगण्यावरून पदमपुऱ्यात जाऊन उभी राहिले. एका बोळीतून तिघी आल्या, पुढच्या बोळीतून आणखी काही, उस्मानपुऱ्याकडून एक घोळकाच आला. हातात डबे, केसांत कुणाच्या अबोली. कुणाची सासू, कुणाचं पोर, कालच्या वांग्यात मीठ जास्त, असं बोलत सगळ्या चालत होत्या. मी त्यांच्यात शिरले आणि बोलता बोलता फाटक आलंसुद्धा. टपरी उघडी होती. शुक्रवारचा तो वॉचमन सलाम करत उभा होता.

पदमपुऱ्यातच कमलताईंच्या घरामागं एक खोली रिकामी होती. ती घेशील का, असं त्यांनी जरा चाचरतच विचारलं. त्यांच्या घरात समोरच्या भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरी होत्या. कमलताईंचे यजमान नामांतराच्या सत्याग्रहात तुरुंगात जाऊन आले होते.

"तुझ्या डिग्रीवर बाबासाहेबांचं नाव आसतं, तर काय बिघडलं आसतं?" त्यांनी विचारलं.

मी खरोखर विचार केला. "काही नाही."

"मग झालं. नळाला पाणी सकाळच्याला येतं, लवकर उठावं लागंल."

खरी परीक्षा घरच्यांची होती. माझे वडील, म्हणजे आबा, आणि मोठा भाऊ खोली बघायला आले. भावानं तसबिरी निरखून बघितल्या. बाहेर येऊन म्हणाला, गावात काय सांगायचं? आमच्या गावात नामांतराचं नावही काढलं तरी डोकी फिरत, त्यामुळे त्याची भीती खोटी नव्हती. आबा तोवर गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊन आले होते. सकाळची पाळी निघण्याची वेळ होती.

"बाया लई जात्यात इथून," ते म्हणाले.

"हो, आमच्याच कंपनीच्या."

"मग व्हय." आणि भावाला म्हणाले, "गावात सांग, कंपनीजवळ ऱ्हाती. इच्यारलंच पुढं, तर मला इच्यारा म्हणावं."

मग कमलताईंनी आणलेला चहा त्यांनी ओसरीवर बसून, बशीत ओतून सावकाश प्यायला. भावानं कप थोडा वेळ हातात धरला. मग त्यानंही प्यायला.

पुढचा बंद नामांतराच्या बाजूचा होता. त्याच सकाळी माझ्या प्लेट वाचायच्या होत्या. गल्लीतली एकही बाई कामाला निघाली नाही. कमलताईंकडेही जेवणाचा डबा भरलेला नव्हता. मी दाराशी घुटमळले. त्यांचा बंद मोडायला मीच त्यांच्या घरातून निघाले होते.

"मी आज कामाला येणार नाय," त्या म्हणाल्या. "तुझ्या प्लेटी कुणी वाचायच्या, कंपनीच्या मालकानं?" आणि चपला घातल्या.

चौकात पोरांनी दगड लावून रस्ता अडवला होता. एकजण पुढं आला. "काकू, आज तुमीबी कामावर?"

"जय भीम. मी कामाला नाय, हिला सोडाया चालले. पोरीचं औषध अडलंय. त्यात कुणाच्या लेकराचं औषध आसंल, तुला काय ठाव?"

पोरानं माझ्याकडे बघितलं आणि बाजूला झाला. फाटकापर्यंत आल्यावर कमलताई आत आल्या नाहीत. वळून चालू लागल्या.

मी प्लेट वाचल्या. ठिपके मर्यादेत होते. बॅच सुटली. देसाई सर दुपारी कुणाच्या तरी स्कूटरवरून पोचले आणि माझं रजिस्टर बघून म्हणाले, "कशी आलीस?"

"चालत."

"हं," म्हणाले, आणि सही केली. महिन्याभरात मी कन्फर्म झाले. त्या खोलीत लग्न होईपर्यंत राहिले.

नमुना कधी आणि कुठून घ्यायचा, हे मी पुढं कित्येक ट्रेनींना शिकवलं. ते शिकले. माझ्या मुलीला पुण्यात एकटीसाठी खोली बघायची होती, तेव्हा तिलाही सांगितलं, लोक कामाला निघतात त्या वेळी गल्लीत उभी राहा. तिनं रविवारी दुपारी बघितली. वर्षाच्या आत बदलली.