गच्चीवरचे चार वॉशर

भूकंपानं जमीन किती वाकते, किती सरकते हे मोजायचं काम आमची पुण्यातली प्रयोगशाळा आणि जपानमधलं एक विद्यापीठ मिळून करत होतं. आमच्या गच्चीवर काँक्रीटचा खांब आणि खांबावर जीपीएसचा अँटेना. त्याला हलवायचं नाही, एका मिलिमीटरनंसुद्धा नाही, एवढा एकच नियम. हललीच तर फक्त खालची जमीन हलावी. एवढं साधं! पण आमच्याकडे साधं काही टिकतं का?

चार वर्षांच्या नोंदींत मला दिसलं, की दर पावसाळ्यानंतर पुणं किंचित वर उचललं जातं आणि पुन्हा खाली बसतच नाही. मी हरखलो. जमिनीखाली ताण साठतोय, असं ठासून लिहिलं. लेख छापायला गेला. माझी रखडलेली बढती त्या एका लेखावर अवलंबून होती, आणि लेखावर माझ्या शेजारी जपानकडच्या प्रमुख बाईंचं नाव होतं.

बाई पहिल्यांदाच पुण्यात आल्या, त्याही नेमक्या खंडेनवमीला. मोठ्या ऐटीत त्यांना गच्चीवर नेलं आणि बघतो तर काय, खांब बोडका! अँटेना खाली पाटावर, हळदकुंकू लावून, झेंडूची माळ घालून बसलेला. समोर आमचे शिपाईमामा हात जोडून.

"अहो मामा, हे काय मांडलंय?"

"पूजा, सर. अवजारांची. दरवर्षी करतो की."

दरवर्षी!

"आणि परत कसा बसवता?"

"एकदम घट्ट. हलता कामा नये असं तुम्हीच सांगितलं होतं ना? म्हणून दर वेळी खाली एक नवीन वॉशर घालतो."

मी वाकून बघितलं. खांबावरच्या बोल्टवर चार वॉशर. माझ्या आलेखात चार पायऱ्या. कपाळ माझं!

बाईंना सगळं इंग्रजीत समजावून सांगितलं. त्या हसल्या नाहीत. वही काढून त्यांनी वॉशरची जाडी मोजली आणि लेख आजच मागे घ्यायला सांगितला.

मग मात्र मी मामांवर भडकलो. "एकदा विचारायचं तरी होतं!"

"विचारलं की, सर. दरवर्षी तुमच्या खोलीत येतो, गच्चीवर अँटेनाची पूजा आहे, चला म्हणून. तुम्ही म्हणता, मला वेळ नाही मामा, तुम्हीच उरका."

म्हणायचो खरा. मान वर न करता. त्याच अँटेनाच्या नोंदी बघत बसलेला असायचो.